गोड लागलेल्या गोळ्या

"माझ्या लेकीला जावयानं मारायला काढलंय, बाई. तुमी तेवढं सिद्ध करून द्या. पुढचं मी बघतो."

सुंदरराव खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलले. पासष्टीचा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला माणूस. धारूरकडं त्यांच्या शब्दाला वजन होतं, दोनदा पंचायत समितीवर निवडून आलेले. आज मात्र दाढीचे खुंट वाढले होते आणि सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं.

सत्यशीलाबाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. पंचवीस वर्षं सरकारी दवाखान्यांत औषधाच्या खिडकीमागं काढल्यावर बाईंनी नोकरी सोडली होती आणि बीडच्या बसस्थानकामागं, एका कोचिंग क्लासच्या वर, खासगी तपासाचं ऑफिस थाटलं होतं. लोक आधी हसले. आता रांग लावून, खालच्या पोरांचे पाढे ऐकत जिन्यात थांबायचे.

कोपऱ्यात बंकटराव वही उघडून बसले होते. एसटीत तीस वर्षं कंडक्टर. आता बाईंची गाडी चालवायची आणि टिपणं घ्यायची, हे त्यांचं काम. एकदा पाहिलेला चेहरा आपण विसरत नाही, ही त्यांची फुशारकी होती. पण त्याच चेहऱ्यात बाईंना असं काही दिसायचं, जे त्यांना दिसलेलं नसायचं, आणि मग बंकटरावांचा आतल्या आत जळफळाट व्हायचा.

"सुरुवातीपासून सांगा," बाई म्हणाल्या.

"माझी रोहिणी तलवाड्याला दिलीय. गेवराई तालुका. शाळेत शिकवती. चार वर्षं आजारी होती, डोक्यात गाठ निघाली, आठ महिन्यांखाली पुण्यात ऑपरेशन झालं. पोर पहिल्यासारखी झाली. आन् गेल्या सोमवारी चक्कर येऊन पडली ती बेशुद्धच. बीपी लागंना. डॉक्टर म्हणाले, हिला जी गोळी रोज लागती ती पोटात गेलेलीच न्हाई. रोहिणी म्हणती, एकबी चुकवली न्हाई. मग ह्याचा अर्थ काय?"

"गोळ्या बदलल्या."

"आन् गोळ्या आणतं कोण? जावई!"

"त्यांनी असं का करावं?"

सुंदररावांनी कप खाली ठेवला. "जळतो तो. पोरीचं तोंड सुजलं होतं तवा बरा होता. आता ती चार माणसांत उठून दिसाया लागली, शाळेतल्या मास्तरांचे फोन याया लागले, तर ह्यानं फोन भिंतीवर आपटला. आजारी बायको घरात ऱ्हाती, बाई. बरी झालेली न्हाई ऱ्हात."

बंकटरावांनी वहीत 'विजयसिंह' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. त्यांच्या मते काम संपलं होतं.

*

बीडच्या खासगी दवाखान्यात रोहिणी उशीला टेकून बसली होती. छत्तिशीची, उभट चेहऱ्याची, ओठ सुकलेले. दुपारनंतर सुट्टी मिळणार होती आणि धारूरला न जाता तलवाड्यालाच जायचं, यावर ती अडून बसली होती.

"कुशिंग," ती म्हणाली. "नाव कळायलाच चार वर्षं गेली, बाई. आधी तोंड चंद्रासारखं गोल झालं. मग पोट सुटलं, मानेमागं गोळा आला, हातपाय मात्र काड्या. बीपी, शुगर, तोंडावर लव. रात्र रात्र झोप न्हाई, आणि भूक तर राक्षसासारखी. जो तो म्हणायचा, कमी खा, चालत जा. मी अर्ध्या भाकरीवर आले तरी वजन वाढतच होतं. जरा कुठं लागलं की काळंनिळं व्हायचं. अण्णांना वाटायचं, हे मला मारतात."

सुंदरराव खिडकीबाहेर बघायला लागले.

"मग कळलं कसं?"

"शिवकन्यामुळं. माझी धाकटी जाऊ. मला अंघोळ तीच घालायची. पोटावर जांभळे पट्टे बघितले आणि म्हणाली, ताई, हे साधं न्हाई. धरून बीडला आणलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी काय विचारावं? लग्नातला फोटो आहे का. मोबाइलमधला फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. म्हणाल्या, ही बाई जाड झालेली न्हाई, हिचा चेहरा बदललाय."

त्यानंतरचं तिनं भराभर सांगितलं. रात्री गोळी देऊन सकाळी रक्त. दिवसभराची लघवी कॅनमध्ये. रात्रीची थुंकी नळीत. मग मेंदूचा एमआरआय. तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. तीच शरीराला कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक नको तेवढं बनवायला लावत होती. पुण्यात नाकातून दुर्बीण घालून काढली.

"गाठ गेली की बरं वाटेल असं मला वाटलेलं. कशाचं! अंगातून जीव काढून घेतल्यासारखं झालं. आता शरीर स्वतः कॉर्टिसॉल बनवायला शिकेपर्यंत ते गोळीतून द्यायचं. रोज चार. दिवाळीनंतर चेहऱ्याची सूज उतरली, संक्रांतीपर्यंत मी मला ओळखायला लागले. फेब्रुवारीत शाळेत गेले."

"आणि मग?"

"दीड महिना झाला, पुन्हा त्राण गेलं. सांधे दुखायचे, मळमळायचं, वजन तर उतरतच होतं. ऑपरेशननंतर असं होतं म्हणून गप्प बसले. रविवारी जुलाब लागले. आजारपणात गोळी दुप्पट घ्यायची असते. घेतली दुप्पट. सोमवारी पडले."

गोळ्यांची बाटली उशाशीच होती. पाकिटं फोडताना तिची बोटं दुखायची म्हणून विजयसिंहानं फेब्रुवारीतच तीन महिन्यांच्या सगळ्या गोळ्या काढून त्या बाटलीत भरल्या होत्या. बाटली घरात स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर असायची, स्टूल घेऊन काढावी लागायची.

"जिभेवर कशी लागायची गोळी?" बाईंनी विचारलं.

रोहिणीनं सुकल्या ओठांवरून जीभ फिरवली. "सुरुवातीला जहर कडू. आता न्हाई तेवढी लागत. सवय झाली असंल."

बाईंनी बाटलीतल्या दोन गोळ्या तळहातावर घेतल्या. एक स्वतःच्या जिभेवर ठेवली, दुसरी बंकटरावांना दिली. बारीक, पांढरी, चपटी गोळी. बंकटरावांनी भीतभीत जीभ लावली.

"साखर हाय की ही!"

"होमिओपॅथीची," बाई म्हणाल्या. "कडू गोळीची सवय होते, बंकटराव. पण कडू गोळी कधी गोड होत नाही."

*

विजयसिंह बाहेर बाकावर बसला होता. आडवा, उंच, डोळे लाल. सासऱ्याकडं त्यानं बघितलंही नाही.

"जळतो मी," तो सरळ म्हणाला. "खोटं कशाला बोलू? चार वर्षं हिला उचलून न्हाणीत नेलं. तवा एक माणूस दारात फिरकला न्हाई. आता सगळ्यांना हिची तब्येत विचारायचीय. त्या मास्तराचा फोन आला आन् डोकं फिरलं. फोन फोडला. लाज वाटती त्याची. पण जळणं येगळं आन् जीव घेणं येगळं, बाई."

"सोमवारी काय केलंत?"

"गाडीत घातली, गेवराईला नेली. तिथले डॉक्टर म्हणाले, जुलाबानं बीपी पडलंय, सलाइन लावू. मी हे कार्ड दाखवलं." त्यानं पाकिटातून घडीचं कार्ड काढलं. रोहिणीचं नाव, आजाराचं नाव आणि लाल अक्षरांत 'तातडीनं हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या'. "म्हणलं, आधी हे टोचा. ते ऐकंनात. भांडलो. टोचलं, तवा हिनं डोळे उघडले. घरून निघतानाच बाटली बरोबर घेतलती. नंतर इथं बसून गोळ्या मोजल्या, कारण मलाबी वाटलं हीच विसरली असंल. बरोबर निघाल्या. एक कमी न्हाई, एक जास्ती न्हाई."

"बाटली सोमवारपासून इथंच आहे?"

"इथंच. आन् नवी पाकिटं डॉक्टरांनी दिली ती माझ्या खिशात. आता मी कुणाच्या हातात देत न्हाई."

बाहेर आल्यावर बंकटराव कुजबुजले, "मॅडम, पक्का नट हाय. आधी गोळ्या बदलायच्या, मग भांडून इंजेक्शन द्यायला लावायचं. संशयच नको."

"गुपचूप मारायचं असतं तर त्यानं फक्त गप्प बसायचं होतं," बाई म्हणाल्या. "तलवाड्याला चला."

*

एप्रिलचं ऊन गेवराईच्या रस्त्यावर तापत होतं. तलवाड्यात घर शोधायला वेळ लागला नाही. सिमेंटचं नवं बांधकाम, पुढं पत्र्याचा मांडव, मांडवात बाजेवर छबुबाई. विजयसिंहाची आई. गुडघ्याला फडकं बांधलेलं, हाताशी काठी.

"या, बसा. रोहिणीच्या बापानं धाडलंय न्हवं तुमाला? धाडंलच. त्याची एकच लेक हाय, आन् आमच्या घरातबी आता एकच माणूस हाय, ती."

"सून बरी झाली ते तुम्हाला नाही आवडलं?"

"कावून आवडंना? बरी झाली, देवानं भलं केलं. पर बाई, माझा ल्योक बायकोला घेऊन पुण्याला म्हैना म्हैना ऱ्हायला. माझे गुडघे सात वरसं दुखत्यात. मला काय? गेवराईच्या डॉक्टरच्या बारीक चपट्या साखरंच्या गोळ्या." तिनं उशाची रिकामी बाटली हलवून दाखवली. "त्याबी पुरंनात. मागं म्हैनाभर जायची बाटली, आता पंधरा दिसांत सरती. डॉक्टर लबाड, कमी भरतो."

"बाटली कुठं ठेवता?"

"हितंच. मला काय उठाया येतंय? परसाकडं जायचं तरी शिवकन्या हात धरती. चुलीपस्तोर गेले न्हाई मी दिवाळीपसून."

बंकटरावांनी लिहिलं : 'सासू. गोळ्या हिच्याच. सुनेवर राग.' जावयाच्या नावाखालची एक रेघ त्यांनी खोडली.

आतून धाकटी सून पाणी घेऊन आली. शिवकन्या. अठ्ठावीस-तीसची असेल. भरल्या कणसासारखा टपोरा चेहरा, लालबुंद गाल, हनुवटीवर तारुण्यपिटिका. झंपराच्या दोन्ही बगला उसवून नव्या दोऱ्यानं शिवलेल्या. तांब्या देताना पदर सरकला तशी कोपराखाली एक जांभळी खूण दिसली.

"काय लागलं?" बाईंनी विचारलं.

"बादलीची कडी," ती म्हणाली आणि पदर ओढून घेतला. ओठ मात्र तिचे फिके पडले होते, आणि ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

बंकटरावांना तिला पाहून बरं वाटलं. आजारी माणसाच्या घरात एक तरी माणूस तब्येतीनं धडधाकट होतं.

"तुमचे मालक?"

"पुण्याला गाडीवर हायेत. संक्रांतीला आलते. आता जत्रंला येतील."

म्हणजे मारणारंही कुणी घरात नव्हतं. बंकटरावांनी तेवढं मनात टिपलं.

बाई तिच्यामागं स्वयंपाकघरात गेल्या, बंकटराव उंबऱ्यावर टेकले. भिंतीवर चौकटीतला रंगीत फोटो होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा, खाली तारीख छापलेली. काळ्या साड्या नेसलेल्या दोघी. एक रोहिणी. दुसरी कुणी सडपातळ पोरगी, निमुळत्या हनुवटीची. शिवकन्याची बहीण असावी, नाकडोळे तसेच होते. बाईंनी मोबाइल काढून फोटोचा फोटो घेतला.

"रोहिणीताईंचं सगळं तूच केलंस म्हणे."

"केलं," शिवकन्या परातीत पीठ घेत म्हणाली. "चार वर्षं न्हाऊ घातलं, वेणी घातली. तवा गाव म्हणायचं, जाऊ असावी तर शिवकन्यासारखी. लग्नाकार्यात मोठी म्हणून मलाच पुढं बसवायचे." तिनं पिठात पाणी ओतलं. "आता कुणी म्हणत न्हाई. आता म्हणतात, रोहिणी कशी उजळली. आमचे हे आले की चप्पल काढायच्या आधी म्हणाले, वहिनी, तुमी तर हिरोईन झाल्या! मला म्हणाले, जरा ताईकडं बघून शीक." ती हसली, पण नजर परातीतून वर आली नाही.

"त्यांना अजून गोळ्या लागतात का गं?"

"आता गाठ गेली, ऑपरेशन झालं. मग कशाला लागत्यात? मला काय कळतंय त्यातलं." एवढं बोलून तिनं तोंडाला पदर लावला आणि ती मागच्या दारानं बाहेर धावली. न्हाणीकडून ओकारीचा आवाज आला.

मांडवात छबुबाईचा चेहरा उजळला होता. "दीड म्हैना नुसती खात होती बघा. पहाटं तीनला उठून भांडी घासायची, झोप म्हणून न्हाई. अंगबी भरलं. आन् परवापसून ताटाला शिवंना, उभी ऱ्हायली की भवंड येती. धाकट्याला, युवराजला, अजून सांगितलं न्हाई मी. गोड बातमी हाय, दुसरं काय!"

"अभिनंदन," बंकटराव मनापासून म्हणाले.

*

गेवराईत चहाला थांबले. बंकटरावांनी वही उघडून आपलं मत मांडलं.

"मॅडम, सासू. गोळ्या तिच्या, राग तिचा."

"आणि बाटली वरच्या फळीवर. जी बाई चुलीपर्यंत जात नाही, ती स्टुलावर चढते? आणि चोरी आपली असती, तर आपली बाटली लवकर संपते म्हणून पाहुण्यांपुढं ओरडली असती?"

"मग शिवकन्या म्हणावं तर तिनंच रोहिणीला दवाखान्यात नेलं. जीव वाचवणारी जीव घेईल का? आन् तीबी आता दोन जिवांची."

बाई उत्तर देणार होत्या, पण त्यांचं लक्ष मोबाइलकडं गेलं. संक्रांतीचा फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला. बराच वेळ बघत राहिल्या.

"बंकटराव, ही दुसरी कोण?"

"शिवकन्याची बहीण. धाकटी असंल."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तीस वर्षं चेहरे बघितलेत मी."

बाई उठल्या आणि लांब जाऊन त्यांनी बीडच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. परत आल्या तेव्हा चहा तसाच टाकून त्यांनी गाडीचं दार उघडलं.

"गाडी फिरवा. तलवाडा. विजयसिंह रोहिणीला घेऊन निघालेत, त्यांनाही घाई करायला सांगते."

"चोर पळायच्या आत?"

"चोर मरायच्या आत," बाई म्हणाल्या.

*

ऊन कलायच्या सुमारास सगळे मांडवात जमले. बाजेवर छबुबाई, खुर्चीवर रोहिणी, तिच्यामागं विजयसिंह. सुंदरराव बसायला तयार नव्हते. शिवकन्या भिंतीला टेकून खाली बसली होती, कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"विजयसिंह, नवं पाकीट काढा," बाई म्हणाल्या. "चार गोळ्या द्या. तांब्याभर पाणी आणा, बंकटराव."

विजयसिंहानं गोळ्या रोहिणीपुढं धरल्या.

"तिला नाही. हिला."

कुणाला काही कळलं नाही. बाई गुडघ्यावर टेकल्या, गोळ्या शिवकन्याच्या तळहातावर ठेवल्या आणि तिची मूठ मिटली. "आधी घे. डॉक्टरांना विचारलंय मी. मग बोलू."

शिवकन्यानं गोळ्यांकडं बघितलं. नाही म्हटलं नाही, काय आहे हेही विचारलं नाही. सवयीच्या हातानं चारही एकदम तोंडात टाकल्या आणि पाणी प्यायली. तोंड वाकडं झालं नाही तिचं.

"जहर कडू असते ही गोळी," बाई उभ्या राहिल्या. "पहिल्यांदा घेणारा तोंड वाकडं करतो."



"सुंदरराव, तुम्ही म्हणालात कुणीतरी रोहिणीला मारायला गोळ्या बदलल्या. मीही तेच धरून चालले. पण मारायचंच असेल तर खऱ्या गोळ्या फेकून द्यायच्या, संपलं. विजयसिंहांनी हे केलं असतं, तर त्यांनी कार्ड दाखवून भांडण केलं नसतं. छबुमावशींचा हात फळीला पोचत नाही. मग राहतं कोण? फळी जिच्या रोजच्या हाताखाली आणि मावशींची बाटलीही जिच्या हाताखाली, ती एकच. पण शिवकन्यानं का करावं? जिनं चार वर्षं न्हाऊ घातलं, जिनं रोग पहिल्यांदा ओळखला, तिनं? हे मला सुटत नव्हतं, कारण माझा प्रश्न चुकला होता. गोळ्या का बदलल्या हा प्रश्न नव्हताच. खऱ्या गोळ्या गेल्या कुठं, हा होता."

त्यांनी मोबाइल रोहिणीच्या हातात दिला. "हा संक्रांतीचा फोटो. तुमच्या शेजारी कोण?"

"शिवकन्या," रोहिणी म्हणाली. "दुसरं कोण?"

बंकटरावांचं तोंड उघडं पडलं. त्यांनी फोटो बघितला, भिंतीशी बसलेली बाई बघितली, पुन्हा फोटो बघितला. निमुळती हनुवटी कुठंच नव्हती.

"तुमच्या डॉक्टरांनी फोटोशेजारी चेहरा ठेवला आणि रोग ओळखला. मी तेच केलं. संक्रांतीनंतर चेहरा गोल. राक्षसासारखी भूक. पहाटे तीनला जाग. मुरुमं. बादलीची कडी लागली तरी जांभळी खूण. मावशी, ही गोड बातमी नाही. रोहिणीला जे गाठीनं केलं, ते हिला गोळ्यांनी केलं. किती घ्यायचीस दिवसाला?"

"सहा," शिवकन्या पुटपुटली. "कधी आठ."

"कावून गं?" छबुबाई ओरडली. "कावून खाल्ल्यास?"

शिवकन्यानं तोंड वर केलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात धार होती. "मला वाटलं, ही रूपाची गोळी हाय. ताई फुगलेल्या होत्या, ही गोळी खाऊन बारीक झाल्या, गोऱ्या झाल्या. गाठ तर गेली. मग आता कशाला रोज खायची? रूपासाठीच ना? मी चार वर्षं राबले तवा कुणी मला बघितलं न्हाई. मलाबी वाटलं, एकदा ह्यांनी माझ्याकडं बघून म्हणावं. तोंड सुजाया लागलं तवा वाटलं, ताईंचंबी आधी सुजलं होतं, मगच उतरलं. अजून खाल्ल्या."

"आणि सोमवारी?" बाईंनी विचारलं.

"ताई पडल्या तवा कळलं. पर सांगायचं धाडस झालं न्हाई. बाटली दवाखान्यात गेली. माझ्याकडच्या दोन दिसांत सरल्या."

"म्हणून ही आज पडायच्या बेतात आहे," बाई बाकीच्यांकडं वळल्या. "बाहेरून आयतं कॉर्टिसॉल मिळालं की शरीराची स्वतःची यंत्रणा झोपी जाते. एकदम गोळी थांबली की जी वेळ रोहिणीवर आली, तीच हिच्यावर. चोराला पकडायला नाही, वाचवायला धावत आले मी."

सुंदररावांनी फोन काढला. "आता पोलिसांनाच बोलावतो. चूक असो न्हाईतर हेवा, माझी लेक मेली असती."

"थांबा, अण्णा," रोहिणी म्हणाली.

ती खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली आणि जावेसमोर जाऊन जमिनीवर बसली. बराच वेळ नुसती तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. तो चेहरा घरात तिच्याइतका कुणालाच ओळखीचा नव्हता.

"तू वेणी घालायचीस ना माझी," ती म्हणाली, "तेव्हा समोर आरसा असायचा. त्यात मागं तू दिसायचीस. तुझी हनुवटी बघून मला तुझा गळा दाबावा वाटायचा. रोज. तू मला न्हाऊ घालत होतीस आणि मी मनात म्हणायचे, हिलाही व्हावं हे. एक दिवस तरी व्हावं."

शिवकन्यानं पदरानं डोळे पुसले.

"माफ केलं असं मी म्हणणार न्हाई. मला जमणार न्हाई ते, आत्ता तर न्हाईच. पण बीडला तू एकटी गेलीस तर ते काय काय विचारतात, रक्त कधी घेतात, गोळी कशी थोडी थोडी उतरवतात, तुला काही कळणार न्हाई. मी येते. ऊठ, साडी बदल."

सुंदररावांच्या हातातला फोन तसाच राहिला. विजयसिंहानं सासऱ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं आणि मग गाडीची किल्ली उचलली. छबुबाई बाजेवर बसून पुटपुटत राहिली. सुनेला शिव्या देत होती की देवाला, कळत नव्हतं.

*

बंकटराव पुढं गाडी चालवत होते, मागं बाई. विजयसिंहाची गाडी त्यांच्या पुढं धुरळा उडवत चालली होती. बंकटराव म्हणाले, "मॅडम, मी तिला बघून म्हणलो, तब्येत चांगली हाय."

"सगळं गाव तेच म्हणत होतं."

"तुमचा राग येतो कधी कधी. मला दिसत न्हाई ते तुमाला दिसतं म्हणून."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तोंडावर बोललात, बरं केलंत. पोटात ठेवलेलं अंगावर निघतं."

बीडच्या दवाखान्यात संध्याकाळच्या ओपीडीला गर्दी होती. बाकावर दोघी जावा शेजारी शेजारी बसल्या होत्या, मध्ये वीतभर जागा सोडून. एक वाळलेली, एक सुजलेली. रोहिणीच्या मांडीवर तिची जुनी फाइल होती. त्यातलं एक पान उघडून तिनं न बोलता जावेपुढं धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. शिवकन्यानं वाकून वाचलं.

नर्स कागद घेऊन दारात आली. तिनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं.

"तुमच्यातली पेशंट कोण?"

शिवकन्यानं मान खाली घातली. रोहिणीनं फाइल मिटली आणि ती उठली.

"दोघी," ती म्हणाली.